डिस्चार्ज

“उद्या डिस्चार्ज,” एवढं बोलून नर्स पुढच्या खाटेकडे वळली आणि बॅटरीवाला जागच्या जागी उभा राहिला.

गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली होती. गिऱ्हाईक गाडी ढकलत आणायचं, हा तारा लावून बघायचा आणि सांगायचा, डिस्चार्ज झालीय. आज तोच शब्द त्याने बायकोच्या उशाशी ऐकला. बायको मात्र खुशीत फणी शोधायला लागली होती.

बाहेर येऊन त्याने मुलीला फोन केला. ती हसलीच. म्हणाली, बाबा, घरी सोडतात त्याला डिस्चार्ज म्हणतात. त्याला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. मग सकाळी मोठे डॉक्टर त्याची नजर का चुकवत होते?

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान इंग्रजीचे मास्तर होते. त्यांना विचारल्यावर ते खुलले. शब्द फार जुना, म्हणाले, फ्रेंचांकडून आलेला. मुळात गाडीवरचा माल उतरवणं. पुढे तोफ डागणं, शिपायाला नोकरीतून मोकळं करणं, वीज निघून जाणं, सगळ्याला तोच लागला.

“थोडक्यात, ओझं उतरवणं.”

“कुणाचं ओझं, मास्तर? तिचं, का दवाखान्याचं?”

मास्तरांनी चष्मा काढला आणि काचा पुसत राहिले.

शेवटी त्याने डॉक्टरांनाच गाठलं. औषधं आता लागू पडत नाहीत, ते हळू आवाजात म्हणाले. दुखणार नाही एवढ्या गोळ्या देतो, घरच्या माणसांत राहू द्या.

“म्हणजे आमच्या दुकानातलाच अर्थ,” बॅटरीवाला म्हणाला. डॉक्टरांना ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर तिने त्याला जवळ बोलावलं.

“मला बरी झाले म्हणून सोडलं, का होत नाही म्हणून?”

खोटं बोलायचं त्याने येतानाच ठरवलं होतं. ते ओठांवर येईना.

“दोन्हीला शब्द एकच आहे गं,” तो म्हणाला.

तिने दोरीवरचे वाळलेले कपडे आणायला सांगितले आणि बसल्या बसल्या घड्या घालू लागली. चादर तिला एकटीला आवरेना. त्याने समोरची दोन टोकं धरली.

“कडा जुळव नीट,” ती म्हणाली.

त्याने जुळवल्या.