मॉरिस उंबऱ्यावर अडकतो

माझा धाकटा भाऊ मॉरिस एरवी दोन वाक्यांत दिवस काढतो. बोटीच्या सुकाणूला हात लागला की मात्र त्याच्यातला मास्तर जागा होतो. "आयरीन, पाणी उतरताना मागच्या दाराकडे लक्ष ठेव हं. दाराच्या पायाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं की संपलं. तोंड खाली आणि आपण पाण्यात." इतकी वर्षं झाली, कालव्यातल्या प्रत्येक लॉकवर, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट चढवायच्या-उतरवायच्या दोन दारांच्या हौदावर, हे ऐकते आहे. दारं मी ढकलायची, कंबर माझी धरायची आणि ज्ञान याचं.

या खेपेला बोटीवर आम्ही तिघं होतो. तो, मी आणि आमची मैत्रीण हेझेल. शिवाय मॉरिसचा कुत्रा बिशप. अंगाने काळा, गळ्याशी पाद्र्यासारखा पांढरा पट्टा आणि सॉसेज दिसलं की धर्मकर्म विसरणारा.

हेझेलच्या मुलाने तिला कायमचं कॅनडाला बोलावलं होतं. रविवारी त्याचा फोन यायचा होता, आणि हो की नाही ते तिने तेव्हा सांगायचं होतं. मॉरिसला ती जायला नको होती. बायको गेल्यापासून त्याच्या घरात तो आणि बिशप दोघंच, आणि त्यातल्या त्यात बोलका बिशप. हेझेलला लग्नाचं विचारायचं म्हणूनच त्याने या सहलीचा घाट घातला होता. हे मला माहीत होतं, बिशपला माहीत होतं, कालव्यातल्या बदकांनाही बहुधा माहीत असावं. हेझेलला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"काल विचारणार होतास ना?" मी रोज सकाळी त्याला गाठायची.

"काल पाऊस आला."

"आणि परवा?"

"परवा ती बटाटे सोलत होती."

"बटाटे सोलणाऱ्या बाईला विचारायला सरकारने बंदी घातलीय का?"

"तू ना, आयरीन, जरा गप्प बस."

असं करता करता शनिवार उजाडला आणि ऑडलेमची उतरण आली. एकाखाली एक लॉकं, आणि पायथ्याला हेझेलला घरी न्यायला तिची भाची गाडी घेऊन थांबणार होती. एकेक लॉक मागे पडत गेलं. मॉरिसने प्रत्येक ठिकाणी उंबऱ्याचा पाठ घेतला, लग्नाचं नाव नाही. मला तर वाटलं, चहाची किटली त्याच्या डोक्यात घालावी.

शेवटच्या लॉकमध्ये बोट शिरली. आम्ही मागचं दार लावलं, पुढच्या दाराशी जाऊन हँडलं फिरवली आणि दारातल्या, पाणी सोडायच्या दोन्ही झडपा उचलल्या. पाणी खाली सुटलं, आणि बोट विहिरीत सोडलेल्या बादलीसारखी सावकाश उतरू लागली. काठावर आइस्क्रीम चाटत बघे जमले होते. लॉकवर बघे जमतातच. दुसऱ्याला राबताना बघण्यासारखं सुख सुटीत दुसरं नाही.

"हेझेल," मॉरिसने हाक मारली, "जरा इकडे येतेस?"

ती चालत मागे गेली आणि मागच्या दाराच्या जाड दांड्याला टेकून उभी राहिली. तिच्याजवळ यावं म्हणून याने बोट हळूच मागे घेतली.

"बोल."

"नाही, मी काय म्हणत होतो..."

"काय म्हणत होतास?"

"हवा बरी आहे आज."

पाणी फूटभर उतरलं. त्याबरोबर तोही फूटभर बुटका झाला.

"आपली ओळख तशी जुनी," तो म्हणाला. आणखी फूटभर. आता हेझेलला वाकावं लागत होतं आणि याला मान वर करावी लागत होती.

बघ्यांतले एक आजोबा ओरडले, "आटप रे बाबा! अजून थोडा खाली गेलास तर चिठ्ठी पाठवावी लागेल!"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसण्याच्या नादात बोटीकडे बघायचं राहिलं.

तेवढ्यात बिशप छतावरून घसरत पुढच्या टोकाला गेला. आत कपबश्या फुटल्या. बोटीचं तोंड खाली चाललं होतं आणि शेपूट जागचं हलत नव्हतं. ते उंबऱ्यावर बसलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"आयरीन, झडप पाड!" हेझेल किंचाळली आणि दुखरा गुडघा विसरून धावत आली. मी माझी झडप पाडली, तिने तिची. पाणी थांबलं. बोट तिरकी आणि मॉरिस सुकाणूला लटकलेला.

हेझेल पुन्हा मागे गेली आणि मागच्या दारातली झडप थोडी थोडी उचलत राहिली. पाणी चढू लागलं. शेपूट उंबऱ्यावरून सुटलं, बोट सरळ झाली. मग मॉरिस वर आला. आधी टोपी, मग चष्मा, मग पांढराफटक चेहरा. दोघं समोरासमोर आले आणि हेझेलचा बांध फुटला.

"मूर्ख माणसा! काही झालं असतं म्हणजे? मी तिकडे कॅनडात बसून काय करायचं? रोज फोन करून विचारायचं, मॉरिस, आज बुडालास का?"

त्याने भाषण पाठ केलं होतं. बोटीच्या मोरीत तो ते मोठ्याने म्हणायचा, त्यामुळे ते मलाही पाठ झालं होतं. त्यातला एक शब्द आला नाही.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"जायचं ठरवलंय कुणी?" हेझेल बाहीने डोळे पुसत म्हणाली. "आठवडाभर वाट बघतेय. पोराला काय सांगू, ते तू बोलशील तर ना!"

"लग्न करू या, असं सांग."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि मग दोघांपैकी कुणी सोडेना. वरच्या बाजूला दुसरी बोट येऊन थांबली होती. तिच्यावरचा माणूस वैतागून ओरडला, "अहो, झालं का तुमचं?"

"नाही!" मी ओरडले. आवाज चांगला खणखणीत निघाला. "आत्ता कुठे सुरू झालंय. थांबा जरा!"