अर्धं ताट

दुकानातलं शेवटचं मशीन थांबलं की मागच्या स्वयंपाकघरात ताटं मांडायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. पुढे शिंप्याचं दुकान, मागे घर, मधे एक पडदा. शाळेच्या गणवेशांचा हंगाम चालू होता. पडद्यापलीकडे निळ्या कापडाचे ढीग लागलेले आणि घरातल्या प्रत्येकाच्या केसांत, कपड्यांवर निळे धागे चिकटलेले. सासरे मापं घेत, थोरला मुलगा शिवायचा, धाकटा कापड बेतायचा. थोरली सून काजं-बटणं करायची आणि जेवणाची वेळ झाली की उठून सगळ्यांना वाढायची.

त्या दुपारीही तिने पुरुषांची ताटं भरली, सासूबाईंचं भरलं. मग धाकट्या जावेच्या ताटात भाताचा एक डाव घातला आणि दुसऱ्यासाठी हात पातेल्याकडे नेला.

"बास," सासूबाई म्हणाल्या.

हात तिथेच थांबला.

"सहावा लागलाय तिला. आता हात आखडता घ्यायचा. डाळही पातळच घाल. दूध बंद केलंय ना?"

"केलंय," थोरली म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली आणि तो एवढासा भात जितका पुरवता येईल तितका पुरवून खाऊ लागली. लग्नाआधी ती तलावावर मुलींना पोहायला शिकवायची. लग्नानंतरही शिकवत होती. नवरा तिला कौतुकाने मासोळी म्हणायचा, आणि घरात तेच नाव पडलं होतं. दिवस राहिल्याचं कळलं तशी सासूबाईंनी तलाव बंद केला. पोटुशी बाई चारचौघांत पाण्यात उतरते म्हणजे काय! फिरायला जाणंही बंद. लोक बघतात, धक्का लागतो. मशीनवर बसणं मात्र बंद झालं नव्हतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती पायाने मशीन मारून गणवेशांच्या बाह्या शिवत होती. तिथे धक्का लागत नव्हता बहुतेक.

"आमची मासोळी वाळून बोंबील व्हायला लागली," धाकटा हसत म्हणाला आणि त्याने आपल्यासाठी आणखी भात मागितला.

सगळे हसले. थोरलीने त्याला भात वाढला.

हे घर वाईट लोकांचं नव्हतं. गल्लीत कुणाकडे आजारपण निघालं की पहिली धावत जाणारी सासूबाईच. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. बाईने पोटभर खाल्लं की मूल माजतं, मूल माजलं की अडतं, आणि अडलं की बाई जाते. म्हणून सहाव्या महिन्यापासून अर्धं ताट. गल्लीतल्या कितीतरी घरांत हेच चालत होतं. त्याला कुणी उपासमार म्हणत नव्हतं. काळजी म्हणत होते.

थोरलीनेही ते ताट खाल्लं होतं. तिला मुलगी झाली होती, झटकन, फारशी कळ न लागता. ओंजळीत मावेल एवढी. सासूबाई तेव्हा अभिमानाने म्हणाल्या होत्या, "बघ, किती अलगद सुटलीस!" ती पोर आठवडाभरही जगली नाही. मग सगळ्यांनी नशिबाला दोष दिला, आणि थोरलीनेही दिला. दुसरं कुणी समोर नव्हतं दोष द्यायला. त्यानंतर तिची कूस उजवली नाही.

दवाखान्यात मासोळीला सासूबाई घेऊन जात. पुढच्या महिन्यात त्यांचे गुडघे धरले, म्हणून थोरली गेली. सरकारी दवाखाना होता. लांब बाकावर पोटुशा बायका ओळीने बसलेल्या. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला वाघ. त्यांनी मासोळीला वजनकाट्यावर उभं केलं, काटा बघितला, तिला उतरवून पुन्हा चढवलं.

"मागच्या वेळेएवढंच आहे. उलट किंचित कमीच." त्यांनी पोटाचं माप घेतलं. "आणि बाळही महिन्यांच्या मानाने लहान वाटतंय. काय जेवता तुम्ही?"

"सगळं," मासोळी म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"सगळं जेवते मी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग थोरलीकडे. थोरलीने आपल्या चपलांकडे.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "दोघांचं जेवा असं मी मुळीच सांगत नाहीये. लाडू-पेढे कोंबून, लोळून वजन वाढवणाऱ्याही येतात माझ्याकडे. त्यांना साखरेचा त्रास होतो, बाळंतपण अवघड जातं. तेही नको. पण वजन हळूहळू वाढलंच पाहिजे. डाळ, भाजी, अंडं, दूध, आणि भूक भागेल इतका भात. रोज चाला. पोहायला येत असेल तर पोहा. तुम्हाला त्रास काही नाही, पोहण्यासारखा उत्तम व्यायाम नाही."

मासोळीच्या चेहऱ्यावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं आणि विझलं.

"डॉक्टर," थोरली न राहवून म्हणाली, "मूल लहान असलं की सुटका सोपी होते ना?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अच्छा. म्हणजे असं आहे तर." त्यांचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. "उपाशी ठेवून मूल सोयीपुरतं लहान राहत नाही हो बाई. ते अशक्त होतं. बाहेर आल्यावर त्याचं अंग गरम राहत नाही. हातपाय थंडगार पडतात. अंगावर घेतलं तरी दूध ओढायची ताकद नसते. नुसतं तोंड लावून झोपून जातं. लोकांना वाटतं, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही."

लेकीचे ते इवलेसे पाय थोरलीने स्वतःच्या तळहातात धरून चोळले होते. कितीही चोळले तरी थंडच. आणि सगळे तेच म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. किती गुणी आहे, रडत नाही.

"माझी..." ती म्हणाली. "माझी मुलगी त्यामुळेच गेली का?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"ते आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला उपाशी ठेवल्यामुळे तिचं भलं झालं नाही, एवढं नक्की."

बाहेर आल्यावर थोरली रडली नाही. कोपऱ्यावर उकडलेली अंडी विकणारी एक गाडी होती, तिथे तिने मासोळीला बाकावर बसवलं आणि तिच्यापुढे अंडी आणि पाव ठेवला. मासोळीने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. मग गाडीकडे पाठ करून, पदर तोंडाजवळ ओढून, ती खाऊ लागली. घास नीट चावत नव्हती, गिळत होती.

"सावकाश," थोरली म्हणाली.

"कुणी बघितलं तर आईंना सांगतील, ताई."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. पोटात जीव वाढवणारी बाई, आणि अंडं खाते ते चोरासारखं! कुणाच्या बापाचं चोरलं होतं तिने? गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं व्हायची असली तर याच घरातून तिच्यासाठी भात जायचा, सासूबाई स्वतः नेऊन घालायच्या. सुनेला तेवढाही वाटा नव्हता.

त्या संध्याकाळी ताटं मांडली गेली. थोरलीने मासोळीचं ताट भरलं. दोन डाव भात, घट्ट डाळ, भाजी, बाजूला दुधाचा पेला. सासूबाईंचं "बास" आलं, तरी तिचा हात थांबला नाही. मग तिने सासऱ्यांच्या ताटात एक डाव भात घातला आणि पुढे सरकली. नवऱ्याला एक, दिराला एक, सासूबाईंना एक. स्वतःलाही एक. वर पातळ डाळ. आणि पातेल्यावर झाकण ठेवून खाली बसली.

"वहिनी, हे काय?" धाकट्याने ताटाकडे पाहिलं. "भात संपला का?"

"नाही. पुष्कळ आहे."

"मग वाढा ना."

"अंगाने हलकं राहिलेलं बरं असतं, भाऊजी."

तो हसला. कुणी हसलं नाही, तेव्हा गप्प झाला.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. या घरात जेवण मी वाढते, आई. यापुढे पोटुशीला पुरेल एवढं आधी तिला. तिला अर्धं वाढायचं असेल, तर सगळ्यांनाच अर्धं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झालं. दुपारीही तेच. धाकट्याची कात्री वाकडी गेली, एक ठाण वाया गेलं. सासरे गिऱ्हाईकावर खेकसले. संध्याकाळी नवऱ्याने ताट पुढे ढकललं.

"दिवसभर मशीन मारायची आणि पोटाला हे एवढंसं? हातपाय कसे चालायचे माणसाचे?"

"एका दिवसात हातपाय गळाले?" थोरली म्हणाली. "तीही दिवसभर मशीन मारते. शिवाय आत एक आख्खं माणूस घडवते. ते कशातून घडवायचं तिने? निळ्या धाग्यांतून? आणि भाऊजी, तुम्ही बायको वाळली म्हणून विनोद केलात आणि तिच्यादेखत दुसऱ्यांदा भात मागितलात. लाज नाही वाटली? उपाशी बाई समोर बसलीये, हे तुम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नाही?"

"बायकांच्या गोष्टी आईच बघते," धाकटा पुटपुटला.

"मूल बायकांचंच आहे का?"

सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. "मी बघितलंय!" त्या ओरडल्या. "माझी पाठची बहीण मूल अडून गेली. माझ्या डोळ्यांदेखत. आईने लाडाने दूध-लोणी खाऊ घातलं होतं तिला. दोन दिवस ती किंचाळत होती त्या खोलीत. म्हणून मी माझ्या घरात... तुम्हाला वाचवायला करते मी हे! तुम्हाला!"

मग मासोळी, जी इतके दिवस या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "आई, त्यांना दवाखान्यात कुणी नेलं होतं?"

सासूबाईंनी समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"दोन दिवस किंचाळत होत्या ना त्या. मग कुणी नेलं का?"

"तेव्हा... पुरुष म्हणाले, घरचंच बघू."

"मग त्या खाण्यामुळे गेल्या का, आई?"

सासूबाई थोरलीकडे वळल्या, जणू तिच्याकडून आधार मिळणार होता. "म्हणजे तुझी पोर मी मारली, असं म्हणायचंय तुला?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. मला मरेपर्यंत कळणार नाही, तिला पोटभर मिळालं असतं तर ती जगली असती का. तुम्ही सांगाल मला? यांनी सांगावं? सांगा ना कुणीतरी!"

थोरल्याने तोंड फिरवलं. त्या घरात त्या पोरीचं नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं, आणि नाव तरी कुठलं, बारशाआधीच गेली ती.

सासूबाई उठून आत गेल्या. त्यांनी माफी मागितली नाही, पुढेही कधी मागितली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मासोळीचं ताट भरताना त्या दुसरीकडे बघू लागल्या आणि "बास" म्हणणं थांबलं. थोरलीने पुरुषांची ताटंही पूर्ववत भरली. मासोळी रोज संध्याकाळी चालायला जाऊ लागली, आणि डॉक्टरीणबाईंना विचारून आठवड्यातून तीनदा तलावावर. नवरा सोबत जायचा. काठावर टॉवेल धरून उभा राहायचा आणि कुणी ओळखीचं दिसलं की कावराबावरा व्हायचा, पण उभा राहायचा.

बाळंतपण अलगद झालं नाही. मासोळी खूप ओरडली, दवाखान्यातली जी नर्स तिच्या हातात हात देऊन बसली होती, तिचेही हात दुखले. पण मुलगी झाली ती रडत, लाथा झाडत, आणि पहिल्यांदा छातीशी धरताच अशी ओढायला लागली की मासोळी हसत कळवळली.

थोरलीने तिला हातात घेतलं. पोरगी जड होती. तळपाय गरम होते. थोरली तशीच उभी राहिली, आणि जो राग आता शांत होईल असं तिला वाटलं होतं, तो शांत झाला नाही. उलट आता तिला त्याचं वजन कळलं. एवढं वजन आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ शकलं असतं. ते वजन महाग नव्हतं, दुर्मिळ नव्हतं. घरातल्याच पातेल्यात होतं, झाकणाखाली.

मुलगी घरी आली तशी गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "बाई गं, केवढी मोठी!" "फार त्रास झाला असेल हिला." "नको एवढं खाऊ घालायला, मी म्हणते." पलीकडच्या घरातली सासू आपल्या सुनेला घेऊन आली होती. सुनेचं पोट दिसत होतं, पण गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. ती दाराशीच भिंतीला टेकून उभी होती आणि बाळाऐवजी बाळंतिणीपुढच्या ताटाकडे बघत होती.

थोरलीने बाळाला मासोळीजवळ दिलं आणि सरळ तिच्याकडे गेली.

"काय जेवलीस आज?"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. सुनेने उत्तर देण्याआधी सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको बघूस," थोरली म्हणाली. "पोट तुझं आहे. मला सांग, आज काय जेवलीस?"