मातामायच्या नावाचा

विश्वनाथरावांनी मोबाईल जनाबाईच्या नाकासमोर धरला आणि बोट टेकवलं. मोबाईलमधून कोंबडा आरवला. अंगणात शेवग्याखाली दाणे टिपणाऱ्या खऱ्या कोंबड्यानं मान वर केली, पंख झाडले आणि आपल्याच आवाजाला छाती फुगवून उत्तर दिलं.

“पाहा,” विश्वनाथराव म्हणाले. “पहाटेपासून हे असंच. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही.”

“आता तर तुमीच सुरू केला जी,” जनाबाई म्हणाली.

नळावरच्या बाया पदराआड हसल्या. विश्वनाथराव हसले नाहीत. शेजारच्या फ्लॅट स्कीमचे ते सेक्रेटरी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शब्द मोजून वापरणारे. त्यांची मुलगी अदिती परदेशी कंपनीचं काम रात्रभर घरूनच करायची आणि पहाटे कुठे डोळे मिटायची. नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे हा गळा काढायचा.

“पोरीचं डोकं दुखून राहिलं, मावशी. डोळ्याखाली काळं आलं तिच्या. तुमच्यावर राग नाही कोणाचा. पण काहीतरी करा.”

पोरीचं ऐकून जनाबाईचा जीव क्षणभर हलला. पण क्षणभरच.

“तुमची स्कीम बांधून राहिले होते, तवा बोअरिंगची मशीन रातभर घरघरली. आमच्या भिंतीले तडा गेला. तो पाहा, अजून तसाच हाय. आमी कोनाच्या नाकापुढं मोबाईल धरला का?”

“ते काम होतं, मावशी. काम संपलं, आवाज संपला. हा रोजचा आहे.” विश्वनाथरावांनी कोंबड्याकडे पाहिलं. “आणि शेवटी कोंबडा पाळतात कशासाठी? कापून खा न एकदाचा.”

नळावरच्या बायांनी चमकून वर पाहिलं. कोष्टीपुऱ्यातल्या त्या गल्लीत हे बोलू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जनाबाईचा माणूस, ईश्वरदास, जन्मभर मागावर बसला. लुगड्यांच्या काठांवर त्याच्या हाताची नक्षी फिरायची. माग बंद पडले, मागांचे खड्डे बुजले, कुणी रिक्षा धरली, कुणी दुकानात लागलं. ईश्वरदास साड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून राखण करू लागला, आणि एक दिवस त्या स्टुलावरूनच लकवा मारून खाली आला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा जनाबाईनं मुठीएवढं पिलू त्याच्यावरून ओवाळलं, पिलाच्या कपाळी कुंकू टेकवलं आणि गल्लीच्या मातामायला बोलली, “माय, माहा माणूस आपल्या पायानं तुह्या ओट्यावर येईन, त्या दिवशी हा तुहा.”

पिलाचा कोंबडा झाला. तुरा लाल झाला, पायांना टोकदार आऱ्या फुटल्या. माणूस खाटेवरच राहिला. नवसाच्या जिवाला नाव ठेवत नाहीत, म्हणून कोंबड्याला नावही नव्हतं.

एवढंच होतं की पहाटे तो आरवला की ईश्वरदासच्या पायाची बोटं हलायची. आधी अंगठा, मग बाकीची, खालीवर, खालीवर, मागाची पावडी दाबावी तशी. एके काळी पहिल्या बांगेला अख्खी गल्ली मागाच्या खड्ड्यात उतरायची. नवी नवरी होऊन आलेली जनाबाई दिव्याजवळ सुताच्या कांड्या भरता भरता म्हणायची,

पहाटेचा कोंबडा, कोंबडा आरवला
धोटा माह्या धन्याचा, ताण्यामंदी धावला

आता आडवं सूत नेणारा तो धोटा कोनाड्यात पडून होता. धावणारं एवढंच उरलं होतं, पायाची पाच बोटं.

हे सगळं तिनं विश्वनाथरावांना सांगितलं नाही. नवसाचं तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हताच.

“मग असं करा. हा देऊन टाका कुणाला. काका चालतील त्या दिवशी दुसरा कोंबडा मी आणून देतो. याच्याहून मोठा.”

“त्याईचं दुखनं यानं अंगावर घेतलं हाय जी. दुसऱ्यानं काय घेतलं?”

“बरं, मग आताच फेडून टाका नवस.”

“कोठी फेडू?” जनाबाईनं भिंतीकडे हात केला. “मायेचा ओटा तुमच्या पार्किंगमंदी हाय.”

ते खरं होतं. स्कीम उठली तेव्हा मजुरांनी कडुलिंबाखालच्या त्या शेंदरी दगडाला हात लावायला नकार दिला होता. मग बिल्डरनं त्याला कोपऱ्यात टाइल्स लावून दिल्या. कडुलिंब गेला, माय राहिली. मंगळवारी गल्लीतल्या बाया गेटमधून कुंकू घेऊन जात.

“तिथं नाही चालणार,” विश्वनाथराव म्हणाले. “लेकरं खेळतात, गाड्या असतात. रक्त वगैरे... कमिटी ऐकणार नाही.”

“म्हंजे जगू द्यायचा नाई, अन् कापूबी द्यायचा नाई.”

विश्वनाथरावांनी मोबाईल खिशात घातला. “मी फक्त नियम सांगून राहिलो, मावशी.”

“मायेले इचारला होता का तुमचा नियम? ती तुमच्या आधीची हाय तिथी.”

ते गेले. जनाबाई मात्र दिवसभर धुमसत राहिली. तांदूळ निवडताना खडे असे फेकले की मांजर पळालं.

त्या रात्री तिनं कोंबड्यावर रोजचं बांबूचं डालगं उपडं घातलं, वर पोतं टाकलं, पोत्यावर दगड ठेवला. कोंबडं झाकल्याची म्हण सगळ्यांना पाठ असते, झाकून पाहायची वेळ तिच्यावर आली. पहाटे तो पोत्याखालीच आरवला. गळा दाबलेल्या माणसासारखा, घुसमटलेला. ईश्वरदास डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होता. बोटं हलली नाहीत. जनाबाईनं पोतं ओढून काढलं आणि त्या पोत्यालाच शिव्या घातल्या.

संध्याकाळी भूपेश, तिचा मुलगा, कामावरून आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला. स्कीमचे नळ, पाण्याच्या मोटारी तोच पाहायचा.

“आई, मी शब्द देऊन आलो. उद्यापासून तो घरात नाई राह्यनार.”

“कोनाले इचारून?”

“कोनाले इचारू? कमिटीवाले म्हनून राहिले, दुसरा प्लंबर पाहतो. चार घरचं काम मले तिथूनच भेटते वं.”

“मंग मायेले काय सांगू?”

“काय सांगते?” भूपेशचा आवाज चढला. “बाबा नाई चालनार आता. डॉक्टरनं कवाच सांगतलं. साऱ्याईले मालूम हाय, तुले एकटीलेच नाई.”

खाटेवर ईश्वरदास जागा होता. भूपेशच्या ते नंतर लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली.

“बोल न,” जनाबाई म्हणाली. “थांबला काहून गा? बापासमोरच बोल.”

तेवढ्यात ईश्वरदासनं चांगला हात उचलला. भिंतीकडे केला, मातामाय होती त्या बाजूला. ओठ वाकडे झाले, घशात काहीतरी घासलं. लकव्यानंतर त्याच्याजवळ मोजकेच शब्द उरले होते.

“दे,” तो म्हणाला.

“काय दे?” जनाबाई त्याच्यावरच उसळली. “तुमी गेले का पायानं? मी कशाचं देऊ?”

“दे,” तो पुन्हा म्हणाला. हात तसाच वर. खाली येत नव्हता.

जनाबाईनं तो हात धरून खाली घेतला.

सकाळी तिनं कोंबड्याचे पाय धुतले, दोरीनं बांधले, कपाळी कुंकू टेकवलं, त्याला काखेत घेतलं आणि निघाली. मागून भूपेश आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी होती.

“हे लागन न?”

“तुह्याजवळच ठेव,” ती म्हणाली.

चौकीदारानं कुंकू पाहिलं आणि गेट उघडलं. बाल्कन्यांत माणसं उभी राहिली. विश्वनाथराव खांद्यावरच्या टॉवेलासकट जिना उतरून आले.

“मावशी, इथं नको. सांगितलं होतं न मी.”

जनाबाईनं ऐकलं नाही. तिनं कोंबड्याला ओट्यावर ठेवलं, डोक्यावर पदर घेतला.

“माय,” ती म्हणाली, आणि आवाज बाल्कन्यांपर्यंत गेला, “माह्या माणसाले पायानं नाई आनता आलं मले. नवस माह्या हातून फिटला नाई. तुहा जीव तू सांभाळ.”

तिनं त्याच्या पायाची दोरी सोडली आणि दोन्ही हात मागे घेतले.

कोंबडा अंग झाडून उभा राहिला. ओट्यावरून उडाला तो एका स्कूटरच्या सीटवर जाऊन बसला.

“हे काय?” विश्वनाथराव म्हणाले. “सोडला?”

“सोडला.”

“अहो, तो घेऊन जा परत.”

“मायेच्या नावानं सोडलेल्याले कोनी हात लावत नाई जी. मीबी नाई. तुमी लावून पाहा.”

विश्वनाथराव एक पाऊल पुढे झाले. मग त्यांची नजर शेंदरी दगडाकडे गेली. राहायला आले त्या दिवशी त्यांनी स्वतःच तिथे नारळ फोडला होता. ते थांबले. चौकीदारानं तर आधीच हात जोडले होते.

“मग तक्रार कोणाकडे करायची आता?”

“तिच्याकडं.”

“आणि दाणे कोण टाकणार याला?”

“ज्याले जाग येईन तो टाकन,” जनाबाई म्हणाली, आणि मागे न पाहता गेटबाहेर पडली.

दिवेलागणीला सवयीनं तिनं अंगणात डालगं उपडं घातलं, त्यावर दगड ठेवला. मग तिच्या ध्यानात आलं की खाली काहीच नाही. तरी तिनं ते तसंच राहू दिलं.

पहाटे ती खाटेच्या पायथ्याशी बसून होती. बांग भिंतीपलीकडून आली. पार्किंगच्या खांबांमधून घुमत, इथून यायची त्याहून मोठी होऊन. वरच्या मजल्यावर एक दिवा लागला. जनाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पायाच्या बोटांकडे पाहत होती.

अंगठा हलला. मग बाकीची. खालीवर, खालीवर.

ती उठली. अंगणात अजून अंधुक होतं. तिनं रोजच्यासारखा डालग्यावरचा दगड उचलला, रिकामं डालगं एका बाजूनं वर केलं, आणि बाहेर पडणाऱ्याला वाट द्यावी तशी जरा बाजूला सरकली.