निरोगी नमुना

मला कुणी मूर्खात काढलं की माझं डोकं फिरतं, म्हणून त्या दुपारी मी मामांवर खेकसले. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. वर्षानुवर्षं माझी बोलणी खाऊनही अजून हसतात. त्या दिवशी मात्र ते न हसता म्हणाले, "मॅडम, निरोगी काच चमकतेय."

"धुतली नसेल नीट! दुसरी लावा."

दुसरी लावली. तीही चमकली. तिसरी मी स्वतः लावली.

आमचं काम असं : शरीराची संरक्षक फौज कधीकधी आपल्याच मेंदूवर उलटते. माणूस भलताच वागायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. अशा रुग्णाचं रक्त गाळून काचेवर ठेवलेल्या उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर टाकायचं. उलटलेली प्रतिपिंडं त्यात असली, तर रंग लावल्यावर तो काप सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. शेजारी तुलनेला निरोगी माणसाचं रक्त, तो काप काळाच राहायला हवा. आमच्याकडे निरोगी म्हणजे मी. पहिल्या वर्षी कुणी रक्त देईना, तेव्हा मीच बाही वर केली, आणि मग दरवर्षी करत राहिले.

तसा माझा काप अगदी काळा नसायचाच म्हणा. किंचित हिरवट झाक असायची. अशी झाक सगळेच रुग्णाच्या आकड्यातून वजा करतात. मीही केली. सतरा वर्षं, शोधनिबंधामागून शोधनिबंध. त्या आठवड्यात जास्त तीव्र रंग मागवला आणि त्या झाकेला आकार आला. एकेक पेशी लख्ख, रेखीव दिसत होती.

फ्रीझरमधून माझ्या वीस वर्षांच्या वीस नळ्या काढल्या. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मामा नळीवरचं वर्ष वाचायचे, मी बघायची. पहिली तीन वर्षं काळी कुळकुळीत. चौथं हिरवं. तिथून पुढे सगळी हिरवी.

मामा नळ्या परत खोक्यात रचायला लागले. मला तेच सहन होईना. "बोला की! तोंड शिवलंय का?"

"चौथ्या वर्षीच," ते हळूच म्हणाले, "इथल्या पोरांनी तुमचं नाव तोफ ठेवलं."

घरी नवरा बटाटे सोलत होता. त्याला काही न सांगता मी दारातूनच विचारलं, "मी चिडकी कधी झाले रे?"

"लेक चालायला लागली त्या वर्षी," तो मान वर न करता म्हणाला. इतकं पटकन! विचारसुद्धा करावा लागला नाही त्याला.

"मग बोलला का नाहीस?"

"आधी वाटलं, दमत असशील. मग वाटलं, स्वभावच आहे." म्हणजे त्यानेही वजाच केलं होतं.

"त्याआधी कशी होते मी?"

"हसायचीस. उगाचच. झोपेतसुद्धा."

मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

माझी डॉक्टर मैत्रीण म्हणाली, औषध आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच मारून टाकायच्या. सहा महिन्यांत काप काळा होईल, तू बरी होशील. अगं, पण कोण बरी होईल? लेकीसाठी शाळेशी भांडली ती मी, चिडकी. नवऱ्याच्या आजारपणात अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं ती मी. हे संशोधन दात-ओठ खाऊन रेटलं तीही मीच. त्या हसऱ्या बाईने काय केलं? तीन नळ्या भरल्या!

औषध घ्यायचं नाही, असं ठरवूनच मी जेवायला बसले आणि दोघांना सगळं सांगितलं. लेक आता अठरा वर्षांची आहे. माझ्यासमोर ती कायम खुर्ची दाराकडे वळवून बसते.

"औषधाने तू ओरडणार नाहीस?"

"बहुतेक नाही."

तिने चमचा आवाज न करता खाली ठेवला. डोळे भरून आले होते. "आई, मला तिला भेटायचंय गं."

कुणाला, ते मला कळलं.

आज दुपारी संमतीपत्रावर सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. उद्या सकाळी पहिली बाटली चढवणार. मला भयंकर भीती वाटतेय, कुणावर तरी ओरडावंसं वाटतंय. पण आतल्या खोलीत लेक माझी बॅग भरतेय आणि भरता भरता गुणगुणतेय. या घरात तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकतेय.