हद्दीबाहेरचं पाणी

“आपलं पाणी हद्दीबाहेर गेलं, की आपला संबंध संपला,” साहेबांनी नव्या वसाहतीचा नकाशा तिच्याकडे सरकवला. “हे तळं-बिळं काढून टाका. तिथे घरं बसतात.”

“साहेब, आत्ता तिथे मोकळं रान आहे, पाणी जिरतं. उद्या सगळं काँक्रीट होणार. पाणी थोपवायला जागाच ठेवली नाही, तर ते एकदम खालच्या गल्लीत घुसेल.”

“आपल्या रस्त्याला काही होईल?”

“रस्त्याला काही होणार नाही.”

“मग झालं तर! मॅडम, तुम्ही रस्ता बघा. गल्ली बघायला गल्लीवाले आहेत.”

रस्ता टिकणारच होता. खालची भर कशी दाबायची, काँक्रीटला सांधे कुठे कापायचे, उतार कुठे वळवायचा, सगळं तिने निगुतीने आखलं होतं. ऑफिसात तिला मागून ‘गटारवाल्या मॅडम’ म्हणत. ती हसण्यावारी नेई. पण खालच्या गल्लीत आपली थोरली बहीण राहते, हे तिने तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. भावोजींना त्याच साइटच्या फाटकावर रखवालदारी मिळाली होती, तीही तिने शब्द टाकल्यामुळे. तिच्या स्वतःच्या घरी नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. राजीनामा ती मनातल्या मनात रोज लिहायची आणि औषधांच्या दुकानासमोर उभी राहिली की फाडून टाकायची.

नकाशावरून तळं गेलं. तिनेच पुसलं.

सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे गेली. ताई दारात कपडे वाळत घालत होती. तिने ताईला सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे घरात पाणी येणार?”

“जोराचा पाऊस झाला तर येणार, ताई.”

“तू नाही म्हणालीस तर?”

“नकाशा दुसरं कुणीतरी काढून देईल. मी घरी बसेन. भावोजींनाही काढतील.”

ताई चिमटे लावत राहिली. “नको बाई. किती वर्षांनी त्यांचं बस्तान बसलंय.” मग तिने वळून पाहिलं. “उंबरा किती उंच बांधू, तेवढं सांग.”

ताई वाट्टेल ते बोलली असती तरी तिने ऐकून घेतलं असतं. हा साधा प्रश्न मात्र जिव्हारी लागला.

पुढच्या सुट्टीला गवंडी आला. पातळी बघायला पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने. दोन्हीकडचं पाणी स्थिरावल्यावर तिने ताईच्या भिंतीवर खडूने रेघ मारली.

“काय हो, उंबरा कशाला वाढवताय?” शेजारीण बाहेर आली.

“उंदीर फार झालेत,” ताई मान वर न करता म्हणाली.

“आणि उंदरांसाठी इंजिनिअर?” शेजारीण खळखळून हसली. “मग आमच्याकडचेही बघा की!”

ताईने बहिणीकडे पाहिलं. गप्प बस, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. तीही गप्पच बसणार होती.

“उंदीर नाहीत,” ती म्हणाली. “पाणी येणार आहे. वरच्या वसाहतीचं. नकाशा मीच काढलाय.”

शेजारणीचं हसू मावळलं. “आमच्या घरातही?”

“सगळ्यांच्या.”

हळूहळू दारं उघडली. एक म्हातारा तिच्या अंगावर ओरडला, “आधी सांगायला काय झालं होतं?” तिने खडू मुठीत घट्ट धरला. गवंडी विटा लावायला बसला होता. नळीचं दुसरं टोक धरायला आता कुणी नव्हतं.

तेवढ्यात भावोजी पाळी संपवून आले, अंगावर गणवेश तसाच. ताईने दबक्या आवाजात त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

“उद्या साहेबांच्या कानावर जाईल,” ते म्हणाले.

“हो.”

“आपण दोघंही घरी.”

“हो, भावोजी.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली. वाकून जमिनीवरचं नळीचं टोक उचललं आणि शेजारणीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“सांग, कुठे धरू?”