तिच्या मागचे दिवे

शिंपी दुसऱ्यांदा हरला तेव्हा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली : ‘तुला ती घरात नकोच होती.’

“हे कोण म्हणतंय?” त्याने विचारलं.

“गेम म्हणतोय, बाबा.”

गेम मुलीनेच लिहिला होता. भुताचा, पण किंकाळ्यांचा नव्हे. एक घर, त्यात वावरणारी एक बाई, आणि खेळणारा कसा वागतो ते टिपून त्याच्याच मनातलं त्याला दाखवणारा गेम. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या बाईला मुलीने आईची चाल दिली होती, दारात थबकायची सवय दिली होती. हे कळल्यावरच शिंपी दुकान बंद करून भरदुपारी तिच्या ऑफिसात आला होता. त्याला ती एकदा समोरून बघायची होती. पण दोन्ही वेळा नुसती पावलं वाजली, मग अंधार.

“माझं चुकतंय काय?”

“ते सांगता येत नाही. खेळणाऱ्याला सांगितलं तर चाचणीला अर्थ उरत नाही.”

“मी खेळणारा नाही, बाप आहे तुझा.”

पलीकडच्या टेबलावरचा तिचा सहकारी चष्मेवाला हसला. “काका, घाबरलात की काय?”

“घाबरायला ती समोर तर आली पाहिजे.”

तिसरा डाव. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, त्यामुळे पाय आपोआप हलत होता. हातातल्या कंट्रोलरवर अंगठे मात्र ऐकत नव्हते. भिंतींना धडकत तो एका खोलीतून दुसरीत गेला. जाताना दिवा बंद केला. पुढच्या खोलीतलाही. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, तो बंद केला.

“बघ, परत तेच,” चष्मेवाला मुलीला म्हणाला. “सगळं पुसत चाललेत. गेम बरोबर ओळखतोय.”

“काय पुसतोय मी?”

मुलीने डोक्याला हात लावला. “बाबा, ते दिवे तिने लावलेले असतात. तुम्ही बंद केलेत की गेम समजतो, तुम्हाला तिची खूणही नकोय. मग ती येत नाही.”

शिंप्याने हातातलं ते खेळणं टेबलावर ठेवलं. “अगं, सगळ्या संसारात मी दुसरं केलं काय? ती पुढे दिवे लावत जायची, मी मागून बंद करत. नळ, पंखे, फ्रीजचं दार. म्हणायचो, आपण वीज कंपनीचे जावई लागून गेलो का? तर म्हणायची, तुम्ही आहात ना मागे. आणि हे तुझं यंत्र मला सांगतंय, ती नको होती. मोठं शहाणं.”

“मला तर तुम्ही भांडताय असंच वाटायचं.”

“भांडतच होतो. मग?”

त्याने कंट्रोलर पुन्हा उचलला.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला.

या वेळी त्याने एकही दिवा बंद केला नाही. प्रत्येक दारात अंगठा शिवशिवला. “सगळं घर जळतंय,” तो पुटपुटला. “दिवसाढवळ्या.”

आणि ती दारात आली. थबकली. पिशवी नसतानाही उजवा खांदा जरा खाली. तिने त्याच्याकडे पाहिलं. शिंप्याचा पाय हलायचा थांबला.

मग ती स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला, आत डोकावली आणि दार तसंच सताड उघडं टाकून आतल्या खोलीकडे निघाली.

“बाबा, तिच्या मागे जा. तिथेच शेवट आहे.”

शिंपी फ्रीजकडे वळला.

“बाबा, ती जाईल!”

“मग हे कोण लावणार?” दोनदा ओट्याला धडकून त्याने दार लावलं. पडदा काळा झाला. ‘तुला ती घरात नकोच होती.’

“परत तेच,” तो म्हणाला. “परत तेच बोलतोय हा.”

मुलीने डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढे ओढला.

“काय करतेस?”

“नियम बदलतेय. फ्रीज लावला की ती थांबेल.”

“अगं, पण बाकीच्या लोकांना...” चष्मेवाला म्हणाला. तिने वर पाहिलं नाही.

“आणि दिव्यांचं?” शिंप्याने विचारलं.

“दिव्यांचंही.”

“मग हात चालव जरा. आतल्या खोलीच्या मोरीतही नळ सोडून ठेवलाय तिने, मघापासून ऐकतोय मी.”