डावीकडची खुर्ची

भरलेल्या अंगणातल्या साऱ्या नजरा आईच्या डावीकडच्या एकमेव खुर्चीवर, दुफिएवर, खिळल्या होत्या. पक्षाघातातून वाचलेल्या तिच्या आईने, आफ्राकोमाने, आमच्या रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून एकेकाची नावानिशी विचारपूस केली होती. पोटच्या मुलीपाशी मात्र ती पोहोचलीच नव्हती.

"सापडली!" आजारामागची चेटकीण शोधायला बोलावलेला संदेष्टा ओबेंग गरजला. "स्वर्गाचा एक्स-रे कधी चुकत नाही! आईची जीभ जिला वगळते, तीच चेटकीण. आजच गावाबाहेर काढा!"

"तरी मी म्हणत होतो," दुफिएचे मामा करवादले. "डाव्या हाताने पाणी दिलं तरी आपल्यात शिवी होते, आणि ही आईला सारखी डावीकडे बघायला लावते! कुणी शिकवलं तुला हे?"

मी शिकवलं होतं. रुग्णांना घरी जाऊन व्यायाम देणं हे माझं काम. जेवताना फुफूच्या वाडग्याच्या डाव्या काठाशी लाल फडकं ठेव, डावीकडे बसून हाक मार, आईची नजर फडक्यापर्यंत येईतो थांब, असं मीच दुफिएला सांगितलं होतं. सहा आठवडे तिने ते निमूट केलं. माझ्याच शब्दाने ती त्या खुर्चीत अडकली होती.

"संदेष्टे," मी म्हणालो, "दुफिएशी जागा बदला."

"देवाच्या सेवकाची जागा उजवीकडेच असते!"

"बसा की हो," मागून एक म्हातारी खवचटपणे म्हणाली. "खुर्ची चावते होय?"

नाइलाजाने तो उठला. आफ्राकोमाने पुन्हा उजवीकडून सुरुवात केली आणि तिचा चेहरा उजळला. "दुफिए! कुठे होतीस गं इतका वेळ?" मग ती सगळ्यांना विचारू लागली, "ते संदेष्टे गेले वाटतं? जेवून तरी जायचं!"

तिच्या डाव्या हाताशी बसलेला ओबेंग घामाने निथळत होता.

"आता यांनाही गावाबाहेर काढायचं?" मी विचारलं. "मेंदूचा उजवा भाग दुखावला की डोळे शाबूत असूनही डावीकडचं जग जाणिवेतून निसटतं. यांनी बाकी सगळ्यांना उजवीकडे बसवलं आणि दुफिएला एकटीला डावीकडे ठेवलं. चमत्कार म्हणतात तो एवढाच. यांनी दिलेलं मंत्रलेलं तेल फेकून द्या. रोज डावीकडून हाक मारणारं माणूस आफ्राकोमाला हवं आहे, आणि तेच तुम्ही हाकलायला निघालात. खुर्ची बदलून पाहावी, एवढं साधं तुमच्यापैकी एकालाही सुचू नये?"

मामांनी मान खाली घातली. "दुफिए, बाळ, चुकलं आमचं. उद्या आईला जेवू घालशील ना?"

दुफिएने लाल फडक्याची घडी घातली, डाव्या हाताने मामांच्या तळहातावर ठेवली, आणि ती फाटकाबाहेर चालू लागली.